जुन्या गाडीच्या काचा आपोआप बंद व्हाव्यात, पण अंदाजाने नव्हे

पावसाळ्यात गाडी रस्त्याकडेला उभी करून आपण घराचा जिना चढू लागतो आणि अर्ध्यावर आठवते, की मागची काच उघडीच राहिली. नव्या गाड्यांपैकी काहींत रिमोटचे बटण दाबून धरले की काचा वर सरकतात. दहा-बारा वर्षे जुन्या गाडीत पॉवर विंडो असते, अलार्म असतो, पण या दोघांची एकमेकांशी ओळख नसते. ती ओळख करून देणारी छोटी पेटी दिल्लीतील करोल बाग, बंगळुरूतील जे. सी. रोड किंवा चेन्नईतील जनरल पॅटर्स रोड यांसारख्या मोटार-सामानाच्या बाजारांत शोधली जाते. ती बसवली, की गाडीला कुलूप लागताच काचा आपोआप बंद होतात.

माझे मत आरंभीच मांडतो. ही सोय हवीशी वाटणे गैर नाही. जुनी गाडी मोडीत न काढता तिच्यात सुधारणा करणे हेही योग्यच आहे. परंतु साध्या पेट्या या प्रश्नाचा अर्धाच भाग सोडवतात, आणि उरलेल्या अर्ध्या भागात एखाद्या मुलाची बोटे किंवा मान असू शकते.

आधी यंत्रणा समजून घेऊ. दाराच्या आत एकदिश विद्युतधारेवर चालणारी मोटार असते. वर्म गिअरमुळे तिचा वेग कमी होतो आणि बल वाढते. शिवाय हाताने काच खाली ढकलली तरी गिअर उलटा फिरत नाही. मोटारीच्या दोन तारांवरील ध्रुवता बदलली की काचेची दिशा बदलते. अलार्म चालू होताना एका तारेवर क्षणिक संकेत देतो. तो मिळताच पेटीतील रिले मोटारीला विद्युतपुरवठा जोडतात आणि काच वर जाऊ लागते.

खरा प्रश्न थांबण्याचा आहे. काच वर टेकली, हे पेटीला कसे कळणार? फिरती मोटार स्वतःच उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण करते, त्यामुळे तिच्यातून मर्यादित धारा वाहते. मोटार अडली की हा उलटा दाब नाहीसा होतो आणि धारा एकदम वाढते. पेटी ही वाढ पाहते आणि पुरवठा तोडते. कल्पना सुरेख आहे, शालेय भौतिकशास्त्रातून सहज समजणारी आहे. दोष एवढाच, की काच रबरी पट्टीला टेकली तरी धारा वाढते आणि काच मुलाच्या हाताला टेकली तरी धारा वाढते. केवळ धारा पाहणाऱ्या पेटीला या दोन घटना सारख्याच दिसतात. दोन्ही वेळा ती पूर्ण जोर लागल्यानंतरच थांबते. आणि वर्म गिअरमुळे थांबलेली काच तिथेच घट्ट राहते.

त्यात आपले हवामान भर घालते. उदाहरणादाखल, २५ अंश सेल्सिअसला मोटारीच्या वेटोळ्याचा रोध ०.८ ओहम आहे असे धरू. १२ व्होल्टला अडलेल्या मोटारीतून १५ अँपिअर धारा वाहील. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. उन्हात तापलेल्या दारात वेटोळे ६५ अंशांवर गेले, तर रोध सुमारे ०.९२ ओहम होतो आणि धारा १३ अँपिअरवर येते. आता तंत्रज्ञाने जानेवारीत पेटीची मर्यादा १४ अँपिअरवर लावली असेल, तर मे महिन्याच्या दुपारी ती मर्यादा कधी गाठलीच जाणार नाही. काच अडली तरी पेटी पुरवठा चालूच ठेवील. मर्यादा खाली आणली, तर हिवाळ्यात ताठर झालेल्या जुन्या रबरातील घर्षणामुळे काच अर्ध्यातच थांबेल आणि मालक वैतागून ती पुन्हा वाढवायला सांगेल. उतरलेली बॅटरी हे गणित आणखी बिघडवते.

यावर उपाय जगाला ठाऊक आहे. मोटारीच्या दांड्यावर चुंबक आणि शेजारी हॉल संवेदक बसवला, की प्रत्येक फेरी मोजता येते. मग यंत्रणेला दोन गोष्टी कळतात : काच नेमकी कुठे आहे आणि तिचा वेग अचानक मंदावला का. मध्येच वेग घटला, तर अडथळा. काच लगेच खाली न्यायची. अगदी शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये घटला, तर ती रबरी पट्टी, थांबायचे. अमेरिकेचे ११८ क्रमांकाचे वाहन सुरक्षा मानक आणि संयुक्त राष्ट्रांचा २१ क्रमांकाचा नियम, दोन्ही उलट फिरणाऱ्या काचेसाठी १०० न्यूटन ही मर्यादा घालतात. ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीत याहून अधिक बल लागण्याआधी काच माघारी गेली पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम वस्तूचे वजन.

अमेरिकी मानकातील आणखी एक तरतूद विचार करण्याजोगी आहे. ज्या काचेला उलट फिरण्याची सोय नाही, ती रिमोटने बंद करायची असेल तर बटण सतत दाबून धरावे लागते, आणि रिमोट ६ मीटरपलीकडून चालता कामा नये. गाडी थेट दृष्टिपथात असल्यासच चालणारा रिमोट असेल तर ही मर्यादा ११ मीटर आहे. यामागचा विचार स्पष्ट आहे. यंत्राला दिसत नसेल, तर माणसाने पाहिले पाहिजे आणि बोट उचलताच काच थांबली पाहिजे. आपली पेटी एका क्षणिक संकेतावर काम सुरू करते आणि मालक पाठ फिरवून निघून जातो. म्हणजे यंत्रालाही दिसत नाही आणि माणूसही पाहत नाही.

भारतात हा विषय कायद्याच्या फटीत सापडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांवर निर्बंध घालते. पण त्याचा भर नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांवर आहे. दाराच्या पत्र्याआड बसलेली पेटी त्या तपशिलांत कुठेच येत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेले ‘भारत एनकॅप’ नव्या गाड्यांना टकरीच्या कसोटीवर तारे देते. जुन्या गाडीतील नव्या पेटीशी त्याचा संबंध नाही. परिणामी तिच्या सुरक्षिततेची हमी बाजारातील तंत्रज्ञाच्या अनुभवावर सोपवलेली राहते.

कोणी म्हणेल, स्वस्त गाड्यांतील मूळ काचाही अडथळा ओळखत नाहीत. मग पेटीलाच दोष का? कारण तिथे बटणावर माणसाचे बोट असते. स्वयंचलन बोट काढून घेते. त्याच्या बदल्यात संवेदन देणे हे त्याचे कर्तव्य ठरते. दुसरा आक्षेप असा, की काचा बंद झाल्याने आत राहिलेले मूल गुदमरेल, म्हणून ही सोयच नको. हा धोका खरा आहे, पण त्याचे मूळ वेगळे आहे. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हातील गाडीचे आतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले, त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणून फट ठेवणे हा उपाय नव्हे; मुलाला गाडीत एकटे न सोडणे हाच उपाय.

तेव्हा मागणी बंदीची नाही, मानकाची आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक पेटीला अडथळ्यावर उलट फिरण्याची कसोटी लागू व्हावी. ती कसोटी न उतरणाऱ्या पेटीने क्षणिक संकेतावर काम करूच नये. बटण दाबून धरले तरच काच हलावी. कमाल वेळेची मर्यादा, स्वतंत्र फ्यूज आणि योग्य जाडीची तार अनिवार्य असावी. कारण अडलेल्या मोटारीची धारा पातळ तारेतून सतत वाहिली, तर तारेचे आवरण वितळून आगीला निमंत्रण मिळते. मानक येईपर्यंत मालकांनीही मागच्या काचा या जोडणीतून वगळाव्यात, कारण लहान मुले तिथेच बसतात.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यात उत्तम प्रकल्प दडलेला आहे. भंगारातील एक दार, एक मोटार, हॉल संवेदक, छोटा सूक्ष्मनियंत्रक आणि बल मोजणारा स्प्रिंगकाटा एवढी सामग्री पुरे. अडथळा म्हणून लाकडी दांडा वापरावा, हात कधीही नाही. थंड आणि तापलेल्या मोटारीवर, भरलेल्या आणि उतरलेल्या बॅटरीवर काच किती बलाने दाबते, याची नोंद करावी. १०० न्यूटनची मर्यादा कोणत्या परिस्थितीत ओलांडली जाते, हे त्या तक्त्यात स्वच्छ दिसेल. मानक ठरवणाऱ्यांसमोर ठेवायला असा तक्ता कोणत्याही निवेदनाहून अधिक उपयोगी पडेल.