पहिल्या दिवसाचा आकडा

आधीच कबूल करतो, मी कॉन्व्हेंटचा. घरी मराठी आणि शाळेत मराठी बोललं की दंड. त्यामुळे 'एकोणसत्तर' म्हणजे ५९ की ६९, हे ठरवायला मला अजूनही क्षणभर थांबावं लागतं. या लेखात आकडे भरपूर आहेत. ते सगळे अंकांतच लिहिलेत, सांभाळून घ्या.

विषय आमच्या मिनी प्रोजेक्टचा आहे. सरांनी सांगितलं होतं, खरा डेटा घ्या आणि पुढचा अंदाज बांधा. निम्म्या वर्गाने पाऊस घेतला, उरलेल्यांनी शेअर बाजार. माझा पार्टनर आमच्या विंगमधला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणारा एकमेव प्राणी, म्हणून आम्ही घेतली त्या गेमच्या एक्स्पान्शन पॅकची विक्री.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा ऑनलाइन गेम नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आला. तिथे महिन्याला १४.९९ डॉलर भरायचे, तरच आत प्रवेश. शिवाय दर दोनेक वर्षांनी ब्लिझार्ड कंपनी नवा पॅक काढते. नवा प्रदेश, नवे राक्षस, वरच्या लेव्हल्स. त्याचे पैसे वेगळे. म्हणजे आपल्या भाषेत, मेसचं बिल दर महिन्याचं आणि फीस्टचं कूपन वेगळं.

पहिल्या तीन पॅकची पहिल्या २४ तासांतली विक्री कंपनीने स्वतः जाहीर केली होती. 'बर्निंग क्रुसेड', जानेवारी २००७, जवळपास २४ लाख. 'रॅथ ऑफ द लिच किंग', नोव्हेंबर २००८, २८ लाखांच्या वर. 'कॅटाक्लिझम', डिसेंबर २०१०, ३३ लाखांच्या वर. तीन ठिपके काढले, रेघ मारली. आर-स्क्वेअर आला ०.९९६! पार्टनरने टेबलावर हात आपटला. त्या रेघेप्रमाणे चौथ्या पॅकने पहिल्या दिवशी ३७ लाख खपायला हवं होतं.

चौथा पॅक 'मिस्ट्स ऑफ पंडारिया', सप्टेंबर २०१२. कंपनीने या वेळी पहिल्या दिवसाचा आकडा न देता पहिल्या आठवड्याचा दिला. तो होता २७ लाख.

पार्टनर म्हणाला, "हा पॉइंट आऊटलायर म्हणून काढून टाकू." त्यावरून आमचं वाजलं. तीन ठिपक्यांतून रेघ कुणीही मारतो. चौथा आल्यावर तो पुसायचा असेल तर अंदाज कसला बांधायचा?

मग मी जुनी निवेदनं नीट वाचायला बसलो. तिथे पहिला धक्का बसला तो छेदाचा. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने जगभरात ८० लाख सभासद सांगितले होते. त्यातले ३५ लाखांहून जास्त चीनमधले, उत्तर अमेरिकेत २० लाखांहून जास्त आणि युरोपात १५ लाखांहून जास्त. चीनमध्ये तेव्हा खेळाच्या वेळेवर पैसे होते. कार्ड घ्यायचं आणि ते संपेपर्यंत खेळायचं. गेल्या ३० दिवसांत सायबर कॅफेत बसून एकदा जरी खेळला तरी तो माणूस 'सभासद' धरला जायचा. म्हणजे ८० लाख हा छेद घेऊन पॅकची विक्री मोजणं म्हणजे दोन वेगळ्या मेसचे लोक एका रजिस्टरात लिहिणं. 'बर्निंग क्रुसेड' पहिल्या महिन्यात उत्तर अमेरिका आणि युरोपात मिळून सुमारे ३५ लाख खपला. तिथले सभासद किती? ३५ लाखांच्या थोडे वर. म्हणजे जवळपास अख्ख्या मेसने कूपन घेतलं! यात अंदाज बांधण्यासारखं उरलंच काय? जे लोक आधीच आत बसलेत त्यांची डोकी मोजली की झालं.

मला वाटलं, सापडलं सूत्र. पण पाचव्या पॅकने तेही मोडलं. 'वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर', नोव्हेंबर २०१४. त्याआधी, सप्टेंबरअखेर सभासद होते ७४ लाख. 'कॅटाक्लिझम'च्या वेळचे १ कोटी २० लाख कुठे आणि हे कुठे! तरी पहिल्या दिवसाची विक्री पुन्हा ३३ लाख. कारण सोडून गेलेले लोक परत आले. मागच्या पॅकची शेवटची मोठी भर पडली होती सप्टेंबर २०१३ मध्ये, त्यानंतर १४ महिने नवीन काही नाही. लोक कंटाळून गेले होते आणि वासावर परतले. सभासद १ कोटीच्या वर गेले. म्हणजे २६ लाख तरी वाढले.

आणि मार्च २०१५ अखेर आकडा होता ७१ लाख. वाढले २६, घटले २९. जूनअखेर ५६ लाख, सप्टेंबरअखेर ५५. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने सांगितलं की यापुढे सभासदसंख्या जाहीर करणार नाही. पहिल्या दिवसाच्या विक्रीचे आकडे मात्र छान येत राहिले. २०१६ च्या 'लीजन'चे ३३ लाख, २०१८ च्या 'बॅटल फॉर अ‍ॅझरॉथ'चे ३४ लाख, २०२० च्या 'शॅडोलँड्स'चे ३७ लाख. (आमच्या रेघेचे ३७ लाख अखेर आले म्हणायचे, ८ वर्षं उशिरा.)

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या दिवसाचा अंदाज बांधण्यात फारसा अर्थ नाही. 'वॉरलॉर्ड्स'ची किंमत ४९.९९ डॉलर होती. महिन्याच्या १४.९९ च्या हिशोबाने माणूस ४ महिने टिकला की वर्गणीचे पैसे पॅकच्या पुढे जातात. तेव्हा कंपनीचं पोट चौथ्या महिन्यावर आहे, पहिल्या रात्रीवर नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. सेकंड इयरला मी मेस सेक्रेटरी होतो. फीस्टच्या रविवारी २३० ताटं लागली. पाहुणे होते, एरवी बाहेर जेवणारे होते, खाडा टाकलेलेसुद्धा आले. मी हुशारी करून सोमवारचा शिधा २०० ताटांचा सांगितला. जेवायला आले १२०. भाताचं पातेलं मागच्या दाराने गेलं, आणि महिनाअखेरीला काकांनी हिशोब लावून एका पोऱ्याला घरी पाठवलं. चुकीचा आकडा माझा, घरी गेला तो. मला कुणी काही बोललंसुद्धा नाही.

म्हणून हे मला नुसतं गेमचं गणित वाटत नाही. २०१० च्या ऑक्टोबरातले १ कोटी २० लाख सभासद २०११ अखेर १ कोटी २ लाखांवर आले, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्लिझार्डने सुमारे ६०० लोक कमी करणार असं सांगितलं. त्यातले बहुतेक गेम बनवणारे नव्हतेच. सभासद घटल्यामुळेच हे झालं असा माझा दावा नाही, तेवढा डेटा माझ्याकडे नाही. पण गर्दीच्या दिवसाकडे बघून माणसं घ्यायची आणि मग रिकाम्या खुर्च्या मोजायच्या, हा प्रकार ओळखीचा वाटतो. आपल्यातले अर्धेजण पुढच्या वर्षी कुठल्यातरी कंपनीच्या अशाच अंदाजावर रुजू होणार आहेत.

प्रोजेक्टचं काय झालं? शेवटी आम्ही रेघ ठेवली आणि चौथा ठिपका लाल शाईने काढला. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग तुमचा अंदाज काय?" मी म्हटलं, "सर, पहिल्या दिवसाचा देता येईल, पण तो उपयोगाचा नाही. चौथ्या महिन्याचा उपयोगाचा आहे, पण त्याचे आकडे कंपनीने २०१५ पासून बंद केलेत." ते हसले आणि ५० पैकी ३१ दिले. शेअर बाजारवाल्यांना ४४! पार्टनर चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी चहाला हाक मारायला आला, आणि पैसे मला द्यायला लावले.

या रविवारी पुन्हा फीस्ट आहे. नवीन सेक्रेटरी परवा विचारायला आला होता. रविवारचं त्याचं तो बघेल. सोमवार रात्रीचा आकडा मी ११५ सांगितला आहे.