अडीच हजारांची चोरी

गेल्या कार्तिकात, पालखीच्या रात्री, आमच्या देवळाच्या महाद्वाराबाहेर लावलेली एक सायकल चोरीस गेली. सायकल जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिचा मालक पहाटे चारला उठून दहा किलोमीटरांवरून देवास फुले पोचविणारा गृहस्थ. ‘ती सायकल न्हय, ते म्हजे पांय,’ असे तो म्हणाला, आणि त्याच्यासमवेत आम्ही पोलीस ठाण्याची पायरी चढलो.

प्रथम बाकावर दीड तास बसणे झाले. मग ‘नीट शोधलीत काय?’, मग ‘कोणी ओळखीच्यानेच नेली असेल’, मग ‘साहेब बाहेर आहेत, उद्या या’. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावर होते. तिसऱ्या खेपेस अंमलदारांनी लेखणी उचलून विचारले, ‘किंमत काय?’ आमच्या गृहस्थाने खरे ते सांगितले, ‘अडीच हजार’. लेखणी खाली ठेवली गेली.

त्या प्रश्नात काय दडले होते, ते वाचकांनी समजून घ्यावे. जुन्या दंड संहितेच्या अमलात चोरी रुपयाची असो वा लाखाची, ती दखलपात्र होती. असा गुन्हा नोंदविणे बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात दिला. 1 जुलै 2024 पासून नव्या संहिता आल्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीने पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरविली; दंडाधिकाऱ्याच्या आज्ञेवाचून पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. प्रथमच सापडलेल्या भुरट्या चोराने माल परत केल्यास त्यास तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा व्हावी, हा त्यामागील हेतू. त्या दयेस आमचा विरोध नाही. परंतु चोर कोण हेच ठाऊक नसता, त्याचा हा पहिला अपराध की पंधरावा, हे तपासाविना कळावे कसे? आणि न सापडलेला चोर माल परत करणार तो कोणास? चाळीस हजारांची हौसेची सायकल गेली तर शासनाने धावावे आणि पोटापाण्याची गेली तर गरिबाने न्यायालयाची वाट शोधावी, हा न्याय आम्हांस मुळीच मान्य नाही.

तरीही अंमलदारांची सुटका होत नाही. अदखलपात्र गुन्ह्याचीही माहिती ठाण्याच्या वहीत लिहून घेऊन तक्रारदारास दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे, हे त्याच संहितेच्या 174 व्या कलमाने त्यांच्यावर घातलेले कर्तव्य आहे. ‘उद्या या’ हे शब्द कोणत्याही कलमात नाहीत.

सायकल अखेर मालकानेच शोधली. शेजारच्या गावी, दुरुस्तीच्या दुकानात, वर नवा हिरवा रंग. परंतु दांड्याखालचा वेल्डिंगचा जोड त्याने ओळखला. आता मात्र पोलीस तत्काळ आले आणि सायकल ठाण्याच्या आवारात घेऊन गेले. ‘मुद्देमाल आहे, खरेदीची पावती आणा.’ गुन्हाच नोंदला नाही, मग मुद्देमाल कशाचा? चोरीच्या संशयावरून जप्त केला म्हणावे, तर दंडाधिकाऱ्यास लगेच कळवावे लागते. तेही घडलेले नाही. आणि तिसऱ्या हाती आलेल्या सायकलीची पावती कोणाच्या पेटीत सापडणार? ठाण्यांत वाहने गंजत ठेवू नयेत, पंचनामा व छायाचित्रे करून ती मालकास लवकर द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितले होते.

आमच्या देवस्थान समितीलाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. दानपेटीवर दोन कॅमेरे रोखलेले आहेत. सायकली लावतात त्या भिंतीवर एकही नाही.

दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे, त्याची प्रत टपालाने पोलीस अधीक्षकांस रवाना झाली आहे. सायकल ठाण्याच्या आंब्याखाली उभी आहे, मागच्या चाकातली हवा गेली आहे. फुले हल्ली सकाळी सातनंतर येतात. पहिली पूजा तुळशीवर होते.