चाकांवरचं घर, पण मैलापाणी कुठे?

शुक्रवारी कंपनी सुटली की रहाटणीच्या गाड्या मुळशी-ताम्हिणीमार्गे माणगाव गाठतात, पुढे दिवेआगर नाहीतर हरिहरेश्वर. आता त्यात भाड्याच्या कॅम्परव्हॅनही दिसतात. अनेकींचा सांगाडा फोर्स ट्रॅव्हलरचा. फोर्स कंपनीचं मुख्यालय शेजारच्या आकुर्डीत!

राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. चांगलंच केलं.

पण व्हॅनमध्ये शौचालय असतं, त्याखाली टाकी असते आणि रविवारी ती भरलेली असते. ती सुरूच्या बनात रिकामी करायची काय? किनाऱ्यावर गाडी नेणारे बहाद्दर तर भरतीत रुततात, मग गावकऱ्यांचा ट्रॅक्टर शोधतात.

ग्रामपंचायतींनी पैसे घेऊन वीज, पाणी आणि मैला उपसण्याची सोय असलेले तळ उभारावेत. व्हॅनवाल्यांनीही कुरकुर न करता ते पैसे भरावेत.