सहा काही पडेना!

डहाणू रोडहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, एक वाक्य हमखास कानावर येते. "अगं, सहा काही पडेना!" चौघीजणी एकाच फोनवर डोकी खुपसून लुडो खेळत असतात. वाणगाव जाते, बोईसर येते, निम्म्याजणी कामावर उतरतात आणि डाव अर्धाच राहतो. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हा या प्रवासात भाजी निवडणे, मटार सोलणे आणि गप्पा चालत. आता मटारच्या जोडीला फोन आला आहे. भगिनींनो, मी नाक मुरडणाऱ्यांपैकी नाही. मीही खेळते आणि हरले की चिडतेही.

आज लिहायचे आहे ते या चिडण्याबद्दलच. कारण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात फुकटच्या खेळापायी जे झाले, त्यानंतर मी हे खेळ जरा डोळे उघडे ठेवून पाहू लागले.

माझी ताई घोलवडजवळ राहते. चिकूच्या वाडीत कामाला जाते. भावोजी टेम्पो चालवतात. ताईची शाळा चौथीत सुटली. मराठी ती वाचते, पण फोनवरची इंग्रजी अक्षरे तिला लागत नाहीत. म्हणून फोनचा सगळा कारभार आठवीतल्या मुलाकडे. रिचार्ज तो करणार, विजेचे बिल तो भरणार, बचत गटाचा हप्ता तो पाठवणार. पिन ताईपेक्षा त्याच्याच बोटांना जास्त पाठ. आपल्या किती घरांत असेच चालते, सांगा बरे!

गटाच्या बैठकीत ताईच्या नावापुढे हप्ता नव्हता. ती सर्वांसमोर म्हणाली, "पाठवलाय की! पोराने माझ्यादेखत पाठवला." घरी येऊन पाहिले तर खात्यात पैसेच नाहीत. तीन महिन्यांत २,३४० रुपये गेले होते. एकदम नव्हे. कधी २९, कधी ७९, कधी १५९. चहा-बिस्किटाच्या हिशेबाने गेले, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर आले नाहीत.

ताईने त्याला मारले नाही. ती नुसती बसून राहिली. पोरगा रडत रडत एवढेच म्हणत होता, "आई, खेळ फुकटच आहे गं." आणि तो खोटे बोलत नव्हता. खेळ फुकटच होता.

मी तो खेळ माझ्या फोनवर घेतला आणि आठ रात्री खेळले. चौघांची टोळी करून दुसऱ्या टोळ्यांशी लढायचे. खरे सांगते, पहिले चार दिवस मला तो फार आवडला. एक डाव दहा-पंधरा मिनिटांत संपतो. हरले तरी कळते की आपण उघड्यावर उभे राहिलो म्हणून मेलो, पुढच्या वेळी भिंतीआड राहू. दुसऱ्या दिवशी खरोखरच भिंतीआड राहिले आणि जास्त वेळ टिकले. चाळिशीनंतर माणसाला आपण काही नवे शिकलो असे वाटायचे प्रसंग थोडे येतात! शिवाय टोळीतला एकजण पडला की दुसरा त्याला उठवायला धावतो. मुलांना हे आवडते यात नवल ते काय?

पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आले की मी लढाईपेक्षा दुकानच जास्त पाहते आहे. खेळ उघडला की आधी दुकान. डाव संपला की पुन्हा दुकान. एका कोपऱ्यात घड्याळ उलटे चालते आहे, "इतक्या तासांत घ्या, नाहीतर संपले." रुपये तिथे रुपये म्हणून दिसतच नाहीत. रुपयांचे आधी हिरे होतात आणि खर्च होतात ते हिरे. साठ हिऱ्यांची वस्तू आपल्या किती पैशांची, हे माझ्यासारख्या दर महिन्याला वाण्याचे बिल तपासणाऱ्या बाईलाही चटकन सांगता येईना.

भाच्याला विचारले, "काय घेत होतास रे?" तो म्हणाला, "कपडे." खेळातल्या माणसाचे कपडे! मी विचारले, "कपड्याने गोळी जास्त जोरात लागते का?" "नाही मावशी." "मग?" बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "फुकटचे कपडे घातले की पोरे टोळीत घेत नाहीत. भिकारी म्हणतात."

हे ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. शाळेत एकच गणवेश धुऊन धुऊन घालणाऱ्या मुलाला हे सांगावे लागत नाही. ते त्याला अंगावर कळते. ज्यांनी हे दुकान मांडले, त्यांनाही ते पक्के कळलेले आहे. आपण घरी पोराला म्हणतो, "खोट्या कपड्यांना पैसे कसले घालतोस?" पण त्याचा अपमान काही खोटा नव्हता.

आता पुन्हा आमच्या लोकलमधल्या लुडोकडे येते. पचिसीवरून इंग्रजांनी लुडो बनवला आणि तो आपल्याकडेच परत आला. फोनवरचा लुडो किंग नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये काढला, आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघर पोचला. त्याच्यावर डब्यात एकच आरोप असतो, की फासा लबाड आहे, मुद्दाम सहा देत नाही. मी एकदा दुपारच्या सुट्टीत हिशेब मांडला. फासा अगदी सरळ असला तरी पहिल्या दहा फेकींत एकदाही सहा न पडणे, हे शंभरात सुमारे १६ वेळा होणारच. चौघी खेळत असतील, तर जवळजवळ दर दुसऱ्या डावात कोणी ना कोणी अशी सापडणार. तीच मग ओरडते आणि डबा ऐकतो. जिला दुसऱ्याच फेकीला सहा पडला ती कशाला ओरडेल?

ही चीड खेळातली आहे. ती चौघींनाही सारखीच आहे, आणि सहाची वाट पाहायला पैसे पडत नाहीत.

भाच्याच्या खेळात हाच फासा पेटीत घालून विकायला ठेवलेला होता. हिरे द्या, पेटी उघडा, आत काय निघेल ते नशीब. अशा पेटीत कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे विकण्यापूर्वी सांगावे, असा नियम ॲपलने २०१७ मध्ये आणि गुगलने २०१९ मध्ये केला. पण ती बारीक अक्षरे वाचतो कोण, आणि वाचली तरी समजतात कोणाला? "शंभरात एक" लिहिलेले असले की मुलाला वाटते, शंभर पेट्या उघडल्या म्हणजे वस्तू मिळालीच. तसे नाही. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तरी त्यातली सुमारे ३७ मुले रिकाम्या हातानेच राहतात. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकायच्या अशा पेट्या जुगारातच मोडतात असे ठरवले.

दुसरी तऱ्हा कॅन्डी क्रशची. २०१२ पासूनचा हा खेळ आमच्या पॅकिंग खात्यातल्या बायकांचा फार लाडका. पाच जीव असतात. हरले की एक जातो आणि अर्ध्या तासाने एक परत येतो. पाचही गेले तर पुरते भरायला अडीच तास. थांबवत नसेल तर पैसे मोजा. आता माझे मत विचाराल तर ही अट मला बरीच वाटते. पालघर येईस्तोवर जीव संपतात, मी फोन पिशवीत टाकते आणि कामाला लागते. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एक चाल कमी पडून हरलो, की त्याच क्षणी पडद्यावर "आणखी पाच चाली घ्या" म्हणून सोन्याच्या विटा मागितल्या जातात. माणूस सर्वांत कच्चा असतो तो त्याच घटकेला.

जाहिरातींबद्दल सर्वजण कुरकुर करतात. मला त्या त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतात. अर्धा मिनिट पाहा, एक जीव घ्या, हिशेब मिटला. मात्र बंद करायची फुली मोहरीएवढी असते आणि बोट चुकले की भलतेच काही उघडते, तो लबाडपणाच. तलासरीकडच्या पाड्यांवर रेंज येते-जाते. तिथे जाहिरात मध्येच अडकते, बक्षीसही जाते आणि डेटाही जातो. रेंजशिवाय चालणारे खेळ अशा ठिकाणी बरे. रुळांवरून पळायचा सबवे सर्फर्स तसा चालतो. पण पोरांनो, रुळांवरून पळायचे ते फोनमध्येच हं! आपल्याकडे गाड्या खऱ्या आहेत.

मग हे खेळ फुकट परवडतात कसे? जाहिरातींचे पैसे आहेतच. बाकी खेळणाऱ्यांतले बहुतेक जण एक रुपयाही देत नाहीत. मोजके देतात, आणि त्यातले थोडेच भरमसाट देतात. त्या धंद्यात अशा गिऱ्हाइकाला "व्हेल" म्हणतात, म्हणजे देवमासा. जाळे सगळ्या समुद्रात टाकायचे ते त्याच्यासाठी. आपल्या डहाणूच्या कोळ्यांना सांगितले तर हसतील, कारण या जाळ्यात देवमासा म्हणून ताईचा हप्ताही सापडतो.

कायद्याचे काय, असे पुष्कळजणी विचारतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. कपडे आणि हिरे विकणारे दुकान ही निराळी गोष्ट. त्याआधी ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी काढली. खोटी घाई लावणे, सारखी भुणभुण करणे, हे त्यात आहे. तक्रारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. अमेरिकेत तर २०२२ मध्ये फोर्टनाइटच्या कंपनीला ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर कबूल करावे लागले, कारण बटणे अशी मांडली होती की नको असलेली खरेदी व्हावी.

आम्हीही पैसे परत मागितले. शेवटच्या दोन खरेद्यांचे १५८ रुपये आले. बाकीचे फार जुने झाले होते. फोनमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती मी त्याच संध्याकाळी लावून दिली. आधी कोणी सांगितली नव्हती, म्हणून तुम्हांला सांगते.

ताईने गटात खरे ते सांगितले. मुलाचे नाव झाकले नाही. बायकांनी तिला महिनाभराची मुदत दिली, आणि पुढच्या बैठकीला दोघीजणी हळूच म्हणाल्या, "आमच्याकडेही निघाले गं." पिन ताईने स्वतः बदलला. पण मग रिचार्ज कोण करणार? म्हणून आता रोज रात्री मुलगा तिला फोनवरची अक्षरे शिकवतो. पैसे जाण्याचे बटण कुठले आणि मागे फिरण्याचे कुठले, एवढे तिला ओळखता येऊ लागले आहे. टोळीचा खेळ त्याने सोडलेला नाही. फुकटच्याच कपड्यांत खेळतो. टोळी मात्र जुनी नव्हे, दुसरी मिळाली.

परवा गेले तेव्हा तिघेही ओट्यावर लुडो खेळत बसले होते. भावोजींच्या दोन सोंगट्या पटावर फिरत होत्या, ताईच्या चारही घरातच.

"दहा वेळा टाकला. सहा काही पडेना," ताई मला म्हणाली. "काही लबाडी आहे का गं यात?"

"होते तसे," भाचाच म्हणाला. "मावशीने गणित केलंय."

ताईने माझ्याकडे संशयाने पाहिले आणि फोन भावोजींकडे सरकवला.