पारितोषिकांची भाकिते आणि आपली पसंती

रंकाळ्याच्या काठी सकाळी फिरावयास येणाऱ्या आमच्या मंडळीत एक जुने चित्रपटशौकीन आहेत. शिवाजी उद्यमनगरात लेथवर त्यांनी उभे आयुष्य काढले. पण पहिला खेळ चुकविल्याचे त्यांना आठवत नाही. त्यांची एक वही आहे. राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके जाहीर होण्यापूर्वी, आणि हिवाळ्याच्या अखेरीस ऑस्करपूर्वी, ते आपली भाकिते या वहीत लिहून ठेवतात. निकाल लागला की बरोबर-चूक अशा खुणा होतात आणि ज्याचे अंदाज अधिक चुकले त्याने सर्वांना मिसळ खिलवावयाची, असा आमचा अलिखित करार आहे.

१ ऑगस्ट २०२५ रोजी ७१वी राष्ट्रीय पारितोषिके जाहीर झाली. ती २०२३ सालच्या चित्रपटांसाठी होती. 'ट्वेल्थ फेल' हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरेल, हे आमच्या स्नेह्यांचे भाकीत अचूक ठरले. मराठीच्या रकान्यात मात्र त्यांनी 'आत्मपॅम्फ्लेट' लिहिले होते आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला सुजय डहाके यांच्या 'श्यामची आई'ला. 'आत्मपॅम्फ्लेट'चे दिग्दर्शक आशिष बेंडे यांना पदार्पणाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा अर्धा गुण तरी द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मी सहज विचारले, "या दोहोंत तुम्हांला स्वतःला कोणता अधिक आवडला?" ते म्हणाले, "श्यामची आई बघायचा राहूनच गेला, सर."

पुढे एकदा त्यांनी ती वही आणि तिच्या आधीच्या दोन वह्या मला चाळावयास दिल्या. जुन्या वहीत प्रत्येक पानावर दोन रकाने आखलेले होते : 'आवडलेले' आणि 'मिळणार'. २००४ च्या पानावर 'श्वास'विषयी पहिल्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून मजकूर समासात उतरला आहे. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा रुग्णालयातून बाहेर नेऊन जग दाखवितात, त्या प्रसंगाविषयी या लेथ-कामगाराने जे लिहिले आहे, त्याने कोणाही समीक्षकाला आनंद वाटावा. पुढे पुढे पहिला रकाना अरुंद होत जातो आणि नव्या वहीत तो आखलेलाच नाही. मी कारण विचारले. "आवडलेलं लिहून काय करायचं, सर? पैज मिळणाऱ्यावरच लागतीय की!"

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करीत आहे. प्रश्न एका शौकिनाच्या वहीपुरता मर्यादित नाही, असे वाटल्यामुळेच तो या पानावर मांडण्याचे धाडस करतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे केन्सची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथाच्या बाराव्या प्रकरणात शेअरबाजाराचे वर्तन समजावून सांगताना त्याने वृत्तपत्रांतील एका सौंदर्यस्पर्धेचा दाखला दिला आहे. शंभर छायाचित्रांतून सहा सर्वांत सुंदर चेहरे निवडावयाचे. पण बक्षीस मिळणार ते ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी पसंतीशी जुळेल त्याला. अशा स्पर्धेत शहाणा स्पर्धक स्वतःला सुंदर वाटणारा चेहरा निवडीत नाही. इतरांना कोणता सुंदर वाटेल, एवढेच नव्हे तर इतरांना काय वाटेल याविषयी इतरांचा अंदाज काय असेल, याचा तो हिशेब करतो. सर्वच जण असा हिशेब करू लागले की चेहऱ्याकडे पाहणारा कोणी उरत नाही. केन्सने हे भांडवलबाजाराविषयी सांगितले. ते पारितोषिकांच्या भाकितांना तंतोतंत लागू पडते.

या भाकितांचेही एक शास्त्र आहे, हे मान्य केले पाहिजे. ऑस्करचे मतदार सुमारे दहा हजार. दिग्दर्शक, नट, निर्माते यांच्या ज्या व्यावसायिक संघटना आहेत त्यांची पारितोषिके ऑस्करच्या आधी जाहीर होतात आणि त्यांच्या सभासदांपैकी अनेक जण ऑस्करचेही मतदार असतात. मतदारसंघ मोठा, आणि त्याच्या मनाचा नमुना आधीच हाती आलेला. अशा वेळी भाकीत बरेचसे जमते. शिवाय तेथे सर्वोत्कृष्ट चित्रपटाची निवड पसंतिक्रमाच्या मतांनी होते. आपल्या पदवीधर मतदारसंघाची मतमोजणी ज्या कार्यकर्त्यांनी रात्र जागून पाहिली आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगावयास नको. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मते निर्णायक ठरतात. आणि थोड्यांना अतिशय आवडलेल्या चित्रपटापेक्षा पुष्कळांना बऱ्यापैकी आवडलेला चित्रपट पुढे सरकतो.

आपल्या राष्ट्रीय पारितोषिकांची तऱ्हा निराळी आहे. तेथे प्रादेशिक समित्यांनी चाळून दिलेले चित्रपट एक मध्यवर्ती परीक्षक मंडळ पाहते. ७१व्या पारितोषिकांच्या वेळी आशुतोष गोवारीकर हे त्या मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळ दरवर्षी नवे आणि सभासद मोजके. इतक्या थोड्या लोकांच्या निर्णयाचा अंदाज बांधणे म्हणजे जवळजवळ सोडतच होय. तरीही आमचे स्नेही आणि त्यांच्यासारखे हजारो रसिक तो बांधतात. तो जमतो की फसतो यापेक्षा, तो बांधताना आपण कोणती सवय अंगी बाणवून घेतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

पहिली गोष्ट, चित्रपट न पाहताच त्याचे भवितव्य वर्तविण्याची सवय. यात दोष केवळ रसिकाचा नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला सुवर्णकमळ जाहीर झाले ते मार्च २०१५ मध्ये. तो आपल्या चित्रपटगृहांत लागला एप्रिलमध्ये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला ते एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाले. सर्वसामान्य प्रेक्षकाला तिकीट काढून तो पाहण्याची संधी मिळाली ऑक्टोबरमध्ये. म्हणजे देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता हे देशाला कळले, तेव्हा देशाने तो पाहिलेलाच नव्हता! आणि लागल्यानंतर तरी काय? अशा चित्रपटांच्या वाट्याला खेळ थोडे येतात, तेही कामकऱ्याला न जमणाऱ्या वेळी. आठवडा उलटला की पडदा दुसऱ्याला दिला जातो. 'कोर्ट'मध्ये गटारात उतरून मेलेल्या एका सफाई कामगाराच्या मृत्यूबद्दल एका दलित शाहिरावर खटला भरला जातो. ज्यांच्या जगण्याविषयी तो चित्रपट बोलतो, त्या वस्तीपर्यंत तो पोहोचला नाही. पोहोचली ती त्याच्या पारितोषिकाची बातमी. वितरणाची ही विषमता आहे, आणि भाकितांच्या गलबल्यात ती झाकली जाते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. जिंकणाऱ्याचा अंदाज घेणारे मन हळूहळू जिंकणे हीच गुणवत्तेची खूण मानू लागते. या बाबतीत आपल्या करवीरनगरीचा इतिहास बोलका आहे. १९२५ साली बाबूराव पेंटर यांनी येथे 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पौराणिक चित्रपटांना गर्दी लोटत होती त्या काळात कर्जबाजारी कुणब्याला पडद्यावर आणण्याचे हे साहस धंद्याच्या दृष्टीने फसले. त्या वेळी पारितोषिके असती आणि आमच्या स्नेह्यांची वही असती, तर 'मिळणार' या रकान्यात त्यांनी निःसंशय एखादा पौराणिक चित्रपटच लिहिला असता. आणि त्यांचे भाकीत बहुधा खरेही ठरले असते. आज मात्र भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ सांगताना जाणकार 'सावकारी पाश'चेच नाव प्रथम घेतात. बाबूराव १९५४ च्या आरंभी वारले. राष्ट्रीय पारितोषिके सुरू झाली ती त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात.

त्या पहिल्या वर्षीचाच दुसरा दाखला पाहा. १९५३ सालच्या चित्रपटांतून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले. त्याच वर्षी वाचकांच्या मतांवर दिली गेलेली फिल्मफेअरची पहिली पारितोषिके मात्र 'दो बिघा जमीन'ने जिंकली. कोणाचा निर्णय खरा? एका चित्रपटात कोकणातली दरिद्री आई मुलाला माणुसकी शिकविते. दुसऱ्यात दोन बिघे जमीन वाचविण्यासाठी शेतकरी कलकत्त्यात रिक्षा ओढतो. दोन्ही चित्रपट आपले आहेत. त्यांत श्रेष्ठ कोणता, या प्रश्नाचे उत्तर पदकाने मिळत नाही. ते दोन्ही पाहून, वाद घालून, आपण द्यावयाचे असते. साने गुरुजींच्या त्याच पुस्तकावरील नव्या चित्रपटाला सत्तर वर्षांनंतर पुन्हा राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, याचा आनंद आपणां सर्वांना झाला. पण आनंद व्यक्त करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पाहिला, आणि पाहिल्यावर गुरुजींची आई त्यात कितपत भेटली यावर किती शाखांत चर्चा झाली?

यावरून पारितोषिकेच मोडीत काढावीत, असे कोणी समजू नये. बाजार ज्यांना मोल देत नाही, अशा कृतींना समाजाच्या तिजोरीतून मान देणे हे लोकशाही शासनाचे कर्तव्य आहे. सुवर्णकमळासोबत आता मिळणारे ३ लाख रुपये चित्रपटाच्या खर्चापुढे नगण्य आहेत. मोल त्या मानाचे आहे. 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ पुन्हा मराठीकडे येण्यास 'श्वास'पर्यंत, म्हणजे २००४ सालापर्यंत, पन्नास वर्षे लागली. तो चित्रपट ऑस्करसाठी पाठविला गेला तेव्हा तेथील प्रचाराचा खर्च निर्मात्यांना झेपेना. महाराष्ट्रातील सामान्य माणसांनी वर्गणी दिली. ज्यांनी ती दिली, त्यांनी विजयाचा हिशेब करून दिली नव्हती. आणि 'श्वास'पाठोपाठ 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' यांना तो मान मिळाला, हे पाहता मराठी चित्रपटाला त्या पारितोषिकाने बळ दिले, हे नाकारता येणार नाही. राज्यव्यवस्थेच्या न्यायदानावर बोट ठेवणाऱ्या 'कोर्ट'ला त्याच राज्यव्यवस्थेने सर्वोच्च पदक दिले, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. माझा आक्षेप पारितोषिकावर नाही. आपली पसंती त्याच्या हवाली करण्यावर आहे.

कार्यकर्त्यांना हे सांगण्याचे कारण आता स्पष्ट व्हावे. निवडणुकीचा हंगाम आला की आपल्या बैठकांतही हीच वही उघडली जाते. कोणाची हवा आहे, कोणत्या प्रभागात कोण येणार, कोणत्या समाजाची मते कोठे वळणार, यांवर रात्री रंगतात. उमेदवाराने पाणीपट्टीविषयी, गाळपेर जमिनीविषयी, कंत्राटी सफाई कामगारांविषयी काय भूमिका घेतली, हा रकाना अरुंद होत होत नाहीसा होतो. 'निवडून येण्याची क्षमता' हा शब्दप्रयोग उमेदवारीच्या चर्चेत आपण इतक्या सहजपणे वापरू लागलो आहोत, की तो केन्सच्या सौंदर्यस्पर्धेतला आहे, हेही ध्यानात येत नाही. इतर पक्षांना हे शोभेल. जो पक्ष लोकमत घडविण्यासाठी जन्मला, त्याने लोकमताचे नुसते अंदाज बांधीत बसावे, ही त्याच्या अस्तित्वाशीच विसंगत गोष्ट होय. जिंकणाऱ्याचे नाव आधी ओळखणे हे पंचांगकर्त्याचे काम. कोणी जिंकावे आणि का, हे सांगणे हे कार्यकर्त्याचे काम.

म्हणून एक साधी सूचना करतो. पुढील पारितोषिके जाहीर होण्यापूर्वी प्रत्येक शाखेने वर्षातले दोन-तीन मराठी चित्रपट एकत्र पाहावेत. शक्य तेथे निर्मात्यांशी पत्रव्यवहार करून ते वस्तीत दाखवावेत. आमच्या गावात बाबूराव पेंटरांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे. अशा संस्थांचे साहाय्य घ्यावे. पाहिल्यावर प्रत्येकाने आपली पसंती कारणांसह लिहावी, स्त्रियांनी आणि तरुणांनी आधी बोलावे. निकाल लागल्यावर परीक्षक मंडळाने दिलेली कारणे मिळवून वाचावीत आणि आपल्या कारणांशी ताडून पाहावीत. ती जुळली नाहीत तर वाईट वाटून घेऊ नये. न जुळलेल्या कारणांतूनच आपली रसदृष्टी, आणि कदाचित राजकीय दृष्टीही, तयार होत असते.

आमच्या स्नेह्यांना मी हे सारे ऐकविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग मिसळ कोण देणार?" तो प्रश्न मी सोडविला आहे : ज्याने चित्रपट न पाहता नाव लिहिले असेल, त्याने द्यावी. या नियमाने पहिला दंड मलाच भरावा लागला. 'श्यामची आई' मीही पाहिलेला नव्हता. येत्या रविवारी आम्ही दोघे तो पाहणार आहोत. नव्या पानावर त्यांनी पट्टी घेऊन दोन रकाने आखले आहेत. पहिला अजून कोरा आहे.