पेपर कधीच संपला, स्वप्न मात्र संपेना



परवा रात्री माझा भूमितीचा पेपर पुन्हा एकदा बुडाला.

काळजी करू नका, मला दहावी होऊन आता नऊ वर्षं झाली. पुढे मी कला शाखा घेतली, इंग्रजीत बी.ए. केलं आणि सध्या बंगळुरूत बसून दिवसभर कंटेंट लिहिते. माझ्या कामात फार तर शब्द मोजावे लागतात, त्रिकोणाचे कोन नाही. तरीही वर्षातून पाच-सहा वेळा मी सोलापूरच्या माझ्या परीक्षा केंद्राच्या जिन्यावरून धावत असते. हातात कंपासपेटी, हॉलतिकीट घरी राहिलेलं, बेल होऊन गेलेली आणि वर्ग काही सापडत नाही. शेवटी सापडतो तेव्हा बाकीची मुलं पुरवण्या बांधत असतात. मी घामाघूम होऊन उठते. शेजारी मोबाइल असतो, पंखा फिरत असतो, आणि आपण पास झालोय हे आठवायला दोन मिनिटं जातात.

तुमच्यापैकी किती जणांना हे स्वप्न पडतं? मी ऑफिसात विचारलं तर चौघांनी हात वर केले. एकीला तर दोन मुलं आहेत, तरी तिचा अजून केमिस्ट्रीचा पेपर बुडतो!

आजी म्हणायची, मनी वसे ते स्वप्नी दिसे. पण खरं सांगू? भूमिती माझ्या मनी कधीच वसली नव्हती. मग ती स्वप्नात का येते?

आपल्यासारखी माणसं अशा वेळी काय करतात? इंटरनेटवर शोधतात. मीही शोधलं. दात पडला तर अमुक, साप दिसला तर तमुक, परीक्षा दिसली तर धनलाभ! धनलाभ काही झाला नाही. मग कॉलेजात अर्धवट वाचून ठेवलेलं सिग्मंड फ्रॉइडचं ‘द इंटरप्रिटेशन ऑफ ड्रीम्स’ पुन्हा उघडलं. हे पुस्तक बाजारात आलं १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये, पण त्याच्यावर साल छापलं होतं १९००. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आजचे अभ्यासक मानत नाहीत. पण परीक्षेच्या स्वप्नांबद्दल त्यात जे लिहिलंय, ते वाचून मी चक्क उठून बसले.

फ्रॉइड सांगतो की परीक्षेचं स्वप्न बहुधा पास झालेल्यांनाच पडतं. आणि तेही अशा परीक्षेचं, जी आपण पार केलेली असते. तो स्वतः वैद्यकीच्या शिक्षणात न्यायवैद्यक या विषयात नापास झाला होता, पण तो विषय त्याच्या स्वप्नात कधी आला नाही. यायचे ते वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र, म्हणजे जे तो पास झाला होता! त्याच्या मते दुसऱ्या दिवशी एखादं जबाबदारीचं काम असेल, फजिती होण्याची भीती असेल, तेव्हा मन जुन्या वहीतून अशी एक भीती शोधून काढतं जी शेवटी फुकाची ठरली होती. जणू ते आपल्याला समजावतं, तेव्हाही अशीच घाबरली होतीस ना? झालं का काही?

म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं छळ समजत होते, तो कदाचित धीर होता.

मला हे पटलं, पण पूर्ण नाही. धीर द्यायचा तर इतकं घाबरवून कशाला? म्हणून मी एक साधी वही केली. उशाशी ठेवली. उठल्या उठल्या, मोबाइलला हात लावायच्या आधी, आठवेल तेवढं लिहायचं. स्वप्न, त्यातली माणसं, उठल्यावर कसं वाटलं, आणि आदल्या दिवशी काय झालं होतं. बस, एवढंच.

वही ठेवायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन या दोघांनी दाखवून दिलं की झोपेत ठरावीक काळाने आपले डोळे मिटल्या पापण्यांआड भराभर हलतात. या झोपेला ‘रेम’ झोप म्हणतात आणि रंगीत, गोष्टीसारखी स्वप्नं जास्त करून याच वेळी पडतात. साधारण दीड तासाने ही झोप पुन्हा पुन्हा येते आणि पहाटेकडे तिचा वेळ वाढत जातो. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं होतं की नाही ठाऊक नाही, पण आठवतं मात्र तेच. म्हणून अलार्म वाजला की ताडकन उठू नका. डोळे मिटून मिनिटभर तसेच पडून राहा, स्वप्नाचं शेपूट हाती लागतं.

सात-आठ महिन्यांत माझ्या वहीत चार वेळा भूमितीचा पेपर आला. एका रविवारी चारही पानं शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि दोन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे, आदल्या दिवशी प्रत्येक वेळी कामाचं काहीतरी टांगलेलं होतं. एकदा अप्रेझल, एकदा नवीन क्लायंट, दोनदा डेडलाइन. फ्रॉइडला पैकीच्या पैकी!

दुसरी गोष्ट मी लिहिली होती, पण माझ्याच लक्षात आली नव्हती. चारही स्वप्नांत शाळेच्या गेटबाहेर बाबा उभे होते. हातात माझी पाण्याची बाटली. आणि मी धावत होते ती वर्गाकडे तोंड करून, पण भीती वाटत होती ती गेटकडे परत जायची.

इथे थोडं मागचं सांगते. माझे बाबा बँकेत कॅशियर होते. आकडा म्हणजे त्यांचा श्वास. मी सायन्सला जावं असं त्यांना वाटायचं. भूमितीच्या पेपरला ते रजा टाकून आले होते आणि पेपर संपेपर्यंत गेटसमोरच्या लिंबाखाली उभे होते. मी बाहेर आले, खाली बघत म्हणाले, “ठीक गेला.” निकालात गणितात ५२ पडले. बाबा मार्कशीट बघून एवढंच म्हणाले, “ठीक आहे.” रागावले नाहीत, समजावलं नाही, काहीच नाही. मी आर्ट्सचा फॉर्म भरला, त्यावर सही केली. त्या दोन शब्दांचा अर्थ मी नऊ वर्षं एकच लावत आले होते, की बाबांची निराशा झाली. आणि गंमत म्हणजे आजही ते फोनवर विचारतात, “काम कसं चाललंय?” तेव्हा मी सांगते, “ठीक आहे.”

त्या रविवारी संध्याकाळी फोन केला. आधी इकडचं तिकडचं झालं, मग म्हटलं, “बाबा, मला अजून भूमितीच्या पेपरची स्वप्नं पडतात.”

ते हसतील असं वाटलं होतं, पण थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला कॅशची पडतात. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी कॅश जुळत नाही. दोन हजार कमी येतात, मी बंडलं मोजतोय, मोजतोय आणि मॅनेजर साहेब उभे आहेत.”

“पण तुमची कॅश तर नेहमी जुळायची ना?”

“तर काय! म्हणूनच तर.”

आता विचारायचंच होतं. विचारलं, “बाबा, तेव्हा माझ्या ५२ मार्कांचं तुम्हाला खूप वाईट वाटलं होतं का?”

ते म्हणाले, “मार्कांचं नाही गं. तू त्या दिवशी गेटातून बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा बघवत नव्हता. वाटलं, आपणच पोरीवर ओझं टाकलं. म्हणून ठरवलं, आता यावर काही बोलायचं नाही.”

दोघांनीही एकमेकांना जपायला तोंड मिटून घेतलं होतं, आणि नऊ वर्षं मी रात्री-अपरात्री जिने चढत होते.

मंडळी, याचा अर्थ प्रत्येक स्वप्नामागे असं काही दडलेलंच असतं, असं नाही. काही स्वप्नं रात्री खाल्लेल्या मिसळीचीही असतात! आणि एखादं भयंकर स्वप्न वारंवार झोप मोडत असेल, एखाद्या घटनेनंतर सुरू झालं असेल, तर वहीवर भागवू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पण तेच ते स्वप्न पुन्हा पुन्हा दार वाजवत असेल, तर त्याचं फळ यादीत शोधण्याआधी एवढं बघा, की त्यात आणखी कोण उभं आहे? आणि त्या माणसाला आपण काय विचारायचं राहून गेलंय?

तुम्ही विचाराल, मग स्वप्न थांबलं का? छे! पहिल्याच वाक्यात सांगितलं ना, परवा पुन्हा पेपर बुडाला. दुसऱ्या दिवशी मोठं प्रेझेंटेशन होतं. पण या वेळी उठले, वहीत लिहिलं आणि सकाळी आठला बाबांना फोन लावला.

“बुडाला का पेपर?” त्यांनीच विचारलं.

“बुडाला. तुमची कॅश?”

“दोन हजार कमीच आहेत,” बाबा म्हणाले. “बरं, ते राहू दे. काम कसं चाललंय?”

आणि मी पहिल्यांदा ‘ठीक आहे’ न म्हणता सांगायला सुरुवात केली.

उद्या सकाळी चहा घेताना घरात कुणाला तरी विचारून बघा, काल काय स्वप्न पडलं? आणि मग शांतपणे ऐका. पुन्हा भेटूच!