शेजाऱ्याची गाडी रस्त्यावर उभी, विमा संपलेला, करायचे काय?

नाशिकच्या कॉलन्यांत महिनोन्‌महिने धूळ खात उभ्या असलेल्या ‘एमएच १५’ गाड्या नव्या नाहीत. ‘चालवतच नाही, मग विमा कशाला?’ हा मालकांचा ठरलेला युक्तिवाद. पण तो टिकत नाही.

कायदा काय म्हणतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी गाडीच्या ‘वापरा’साठी थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. १९८७ मध्ये महाराष्ट्रात महामार्गावर अपघातानंतर कलंडून पडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता. जागेवर बंद पडलेली गाडीही ‘वापरात’च, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्या प्रकरणात स्पष्ट केले.

तपासायचे कसे?
‘एमपरिवहन’ ॲपवर नंबर टाकल्यास विम्याची मुदत दिसते. नोंद अद्ययावत नसू शकते, त्यामुळे आधी शेजाऱ्याशी बोला.

तक्रार कुठे?
वाहतूक पोलिस किंवा आरटीओकडे. सोबत फोटो, नंबर, ठिकाण द्या. दंड २ हजार, पुन्हा सापडल्यास ४ हजार रुपये. ३ महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. सार्वजनिक जागेत १० तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी पोलिस कलम १२७ नुसार उचलू शकतात. स्वतः हवा सोडणे, गाडी ढकलणे टाळा.

विमा नसताना त्या गाडीमुळे कुणाला इजा झाली, तर भरपाई मालकाच्याच खिशातून जाते आणि त्याच्याकडे पैसे नसतील, तर जखमीचे हात रिकामे राहतात.